प्रकरण अभ्यास: उजव्या बाजूच्या आतड्याचा पसरलेला कर्करोग आणि आठ टक्के पेशींवर उभा राहिलेला रिपोर्ट

ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत. दिवस मोजले आहेत ते कोलोनोस्कोपीच्या दिवसापासून. तो दिवस ०. या प्रकरणात काय केले याइतकेच ते केव्हा केले यालाही महत्त्व आहे, म्हणून ही मोजणी ठेवली आहे. इम्युनोथेरपी सुरू झाल्यानंतरचे आठवडे मात्र तिच्या पहिल्या डोसपासून मोजले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ६१ वर्षांच्या बाई, वजन ५२ किलो. तीन महिन्यांपासून थकवा, जिना चढताना धाप आणि पोटात उजवीकडे बोथट दुखणे. वजन सात किलोने उतरलेले. हिमोग्लोबिन ७.८, अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) ३.०, सीईए (आतड्याच्या कर्करोगात रक्तात वाढणारा निदर्शक) ३८. थायरॉइडची गोळी अनेक वर्षे चालू होती, दुसरा मोठा आजार नव्हता. घरातली कामे त्या स्वतः करत होत्या, फक्त दुपारी आडवे व्हावे लागायचे.

कोलोनोस्कोपीत चढत्या आतड्यात, यकृताजवळच्या वळणाच्या अलीकडे, व्रण पडलेली मोठी गाठ दिसली. दुर्बीण पलीकडे जात होती, म्हणजे मार्ग पूर्ण बंद नव्हता. गाठीचे चार तुकडे काढले. दिवस ३ च्या सीटीत यकृताच्या दोन्ही भागांत सहा गाठी (सर्वांत मोठी ५.४ सेंमी), महारोहिणीजवळ सुजलेल्या लसीका ग्रंथी, उदरपटलावर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) बारीक दाणे आणि पोटात थोडे पाणी. शस्त्रक्रियेने सगळे काढून टाकता येण्यासारखी ही परिस्थिती नव्हती. आतडे तुंबलेले नव्हते आणि रक्तस्राव शिरेतून लोह व दोन पिशव्या रक्त देऊन आवाक्यात राहत होता. त्यामुळे मूळ गाठीला हात न लावता औषधांनी सुरुवात करायची, यावर सुरुवातीपासून एकमत होते.

दिवस ७ ला बायोप्सीचा रिपोर्ट आला: कमी विभेदित (मूळ पेशींचे रूप हरवलेला) ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग, काही भाग श्लेष्मल (चिकट स्राव भरलेला).

एवढ्यावरूनच अनुभवी माणूस कान टवकारतो. साठीच्या पुढची स्त्री, उजवी बाजू, श्लेष्मल आणि कमी विभेदित गाठ, यकृताबरोबर उदरपटलही धरलेले. बी-रॅफ व्ही६००ई (बी-रॅफ जनुकातला एक ठरावीक बदल) आणि एमएमआर दोष (डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांतला बिघाड), दोन्ही असेच गुण असलेल्या गाठींत जास्त सापडतात. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात एकंदरीत बी-रॅफ व्ही६००ई ८ ते १० टक्के रुग्णांत आणि एमएमआर दोष ४ ते ५ टक्क्यांत असतो. उजव्या बाजूला हे प्रमाण बरेच वर जाते. म्हणजे तपासणीचा निकाल येण्याआधीच शक्यतांचा काटा एका बाजूला झुकलेला होता.

अडचण: रिपोर्ट आला, पण कशावर?

दिवस १६ ला जनुकीय तपासणीचा रिपोर्ट हातात पडला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: के-रास, एन-रास, बी-रॅफ – बदल आढळला नाही. एमएमआरच्या चार प्रथिनांच्या आयएचसीचा (स्लाइडवर प्रथिन रंगवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट वेगळा होता: एमएलएच१ आणि पीएमएस२ ‘अनिर्णित’, एमएसएच२ आणि एमएसएच६ शाबूत.

पहिले पान वाचून फोल्फॉक्स (केमोच्या औषधांचा ठरलेला संच) आणि सेटुक्सिमॅब असा बेत ठरला. रासमध्ये बदल नाही, म्हणून ईजीएफआर (पेशीला वाढीचा इशारा देणारे प्रथिन) रोखणारे औषध, म्हणजे सेटुक्सिमॅब. औषधाची मागणीही गेली होती. दुसऱ्या दिवशी ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टचे तिसरे पान उघडले. तिथे तक्त्याखाली बारीक टाइपात एक ओळ होती: ‘तपासलेल्या नमुन्यात ट्यूमर पेशींचे प्रमाण अंदाजे ८ टक्के.’

आता हिशेब करू. बदल बहुधा जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच असतो. नमुन्यात १०० पेशींपैकी ८ ट्यूमरच्या असतील, तर त्या नमुन्यातल्या डीएनएत बदललेली प्रत ४ टक्के असणार. या प्रयोगशाळेची सिक्वेन्सिंग (जनुकातली अक्षरे वाचण्याची) पद्धत ५ टक्क्यांच्या खालचा बदल ‘आढळला’ म्हणून लिहीतच नव्हती. बऱ्याच ठिकाणी मर्यादा हीच असते. बदल असला तरी तो रिपोर्टमध्ये येण्याची सोय नव्हती. किमान २० टक्के ट्यूमर पेशी हव्यात असे म्हणतात ते यासाठीच.

मूळ स्लाइड पुन्हा काचेखाली घेतली. चार तुकड्यांपैकी दोन म्हणजे व्रणाच्या तळाची खपली, निव्वळ मृत पेशी आणि पू. तिसऱ्यात श्लेष्माची डबकी आणि त्यांत तरंगणारे पाच-सहा पेशींचे पुंजके. ट्यूमर म्हणावा असा सलग भाग चौथ्या तुकड्याच्या कडेला होता, आणि तोही लिम्फोसाइट पेशींनी गच्च भरलेला. स्लाइडवर पेनाने गोल करून फक्त तेवढा भाग खरवडून घेतला असता तर प्रमाण दुपटीने तरी वाढले असते. ते न करता पूर्ण काप डीएनए काढायला गेला होता.

यातली खोच लक्षात घ्यायला हवी. गाठीत शिरलेले लिम्फोसाइट आणि श्लेष्मा या एमएमआर दोषाच्याच खुणा. पण हेच लिम्फोसाइट आपला निरोगी डीएनए मिसळून ट्यूमरचा डीएनए पातळ करतात. ज्या गाठीत तपासणीची सर्वाधिक गरज, तीच गाठ तपासणीला चकवते.

आयएचसीचे काय बिनसले? एमएलएच१ चा रंग ट्यूमर पेशींत नव्हता, पण शेजारच्या लिम्फोसाइट आणि संयोजी पेशींतही नव्हता. या निरोगी पेशी म्हणजे स्लाइडवरचा घरचा साक्षीदार. त्यांच्या केंद्रकाने रंग घेतला तरच ट्यूमरमधला रंगाचा अभाव खरा मानायचा. इथे साक्षीदारच गप्प होता, म्हणून ‘अनिर्णित’ हा शेरा बरोबर होता. कारणही सापडले: जोडसुट्टीमुळे तुकडे चार दिवस फॉर्मालिनमध्ये पडून होते. फॉर्मालिनची योग्य मुदत ६ ते ७२ तास. शेरा बरोबर असला तरी त्यावर पुढे कोणी काही केले नाही, ही खरी चूक. ‘अनिर्णित’ हा शब्द फाइलमध्ये गेला की हळूहळू ‘दोष नाही’ असा वाचला जातो.

समोरचे पर्याय

पहिला, ठरलेला बेत पुढे नेणे. याच्या विरुद्ध दोन स्वतंत्र कारणे होती. रिपोर्ट विश्वासाचा नव्हता हे एक. आणि तो खरा धरला तरी उजव्या बाजूच्या गाठीत सेटुक्सिमॅब किंवा पॅनिट्युमुमॅबने आयुष्य वाढत नाही. पहिल्या टप्प्यातला (म्हणजे पहिल्याच उपचारातला) त्यांचा फायदा डाव्या बाजूच्या, रास न बदललेल्या गाठींत दिसतो. बी-रॅफ बदल दडलेला असेल तर केमोला नुसते सेटुक्सिमॅब जोडून पुरळ आणि मॅग्नेशियमची घट तेवढी पदरात पडते.

दुसरा, लगेच फोल्फॉक्स आणि बेव्हासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारी अँटिबॉडी). हा जनुकांवर फारसा अवलंबून नाही आणि बहुतेकांना चालतो. अडचण अशी की एमएमआर दोष निघाला तर हा उपचार दुय्यम ठरतो. शिवाय बेव्हासिझुमॅब अंगात अनेक आठवडे राहते, मध्येच आतडे तुंबून शस्त्रक्रिया करावी लागली तर जखम भरायला त्रास.

तिसरा, चार औषधांचा जोरदार मारा: फोल्फॉक्सिरी आणि बेव्हासिझुमॅब. अल्ब्युमिन ३.० आणि दुपारी आडवे होणारा रुग्ण पाहून हा पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

चौथा, नव्याने ऊतक घेऊन निकालाची वाट पाहणे. अंदाजे दोन आठवडे. यकृतातला आजार तेवढा वेळ देईल का, हा खरा प्रश्न.

निवडला चौथा, पण अट घालून. यकृताची एन्झाइम्स दुप्पट झाली, बिलिरुबिन चढू लागले किंवा रुग्ण दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणाला खिळली, तर निकालाची वाट न पाहता अँटिबॉडीशिवाय (सेटुक्सिमॅब किंवा बेव्हासिझुमॅब न जोडता) फोल्फॉक्सची एक सायकल. ही अट त्याच दिवशी फाइलमध्ये लिहून ठेवली, आणि ते उपयोगी पडले.

बाईंचा प्रश्न अगदी रास्त होता: “डॉक्टर, रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही म्हणालात ना? मग परत सुई कशाला?” काही न सापडणे ही इथे चांगली बातमी नव्हती, तो फक्त अपुरा नमुना होता, हे मुलीला सोबत घेऊन, स्लाइडचा फोटो दाखवून सांगितले तेव्हा पटले.

काय केले

दिवस १८ ला तीन गोष्टी एकाच सकाळी झाल्या.

यकृताची बायोप्सी सोनोग्राफीखाली, १८ गेजच्या सुईने, तीन सलग पट्ट्या. सुई गाठीच्या मध्यात न नेता कडेला नेली, कारण मोठ्या गाठीचा मध्य बहुतेकदा मेलेला असतो. पट्ट्या २४ तासांत फॉर्मालिनमधून काढून पुढे पाठवल्या.

त्याच वेळी लिक्विड बायोप्सीसाठी (रक्तात उतरलेला ट्यूमरचा डीएनए तपासण्यासाठी) रक्त, दहा-दहा मिलीच्या दोन खास नळ्यांत. साध्या ईडीटीए नळीत रक्त काही तासांहून जास्त राहिले तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए ट्यूमरच्या डीएनएत मिसळतो; पुन्हा तोच पातळ होण्याचा घोळ. खास नळीत पेशी टिकतात. नळी हळुवार उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही. हे रक्त केमोच्या आधीच घ्यायला हवे, नंतर रक्तातला ट्यूमरचा डीएनए झपाट्याने घटतो. यकृतात आजार असला की रक्तात असा डीएनए भरपूर उतरतो. फक्त उदरपटलावर किंवा फुप्फुसात असला तर कमी, आणि मग ‘आढळला नाही’ या निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरी, डीपीवायडी जनुकाची तपासणी. फ्लुओरोयुरासिल देण्याची वेळ आलीच तर आधी हे माहीत हवे. ते औषध मोडणारे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या माणसाला नेहमीची मात्रा जिवावर बेतू शकते. एक प्रत बिघडलेली असेल तर मात्रा साधारण निम्म्यावर आणून सुरुवात करतात.

दिवस २० ला उजव्या कुशीतले दुखणे वाढले. दिवस २१ ला एन्झाइम्स दुपटीच्या वर गेली, बिलिरुबिन १.६. डीपीवायडीचा निकाल त्याच संध्याकाळी आला, नेहमीसारखा. लिहून ठेवलेली अट पूर्ण झाली होती. दिवस २२ ला फोल्फॉक्स सुरू केले: ऑक्झॅलिप्लॅटिन ८५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, फ्लुओरोयुरासिल ४६ तासांत २४०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, सुरुवातीचा जलद डोस वगळला.

दिवस २५ ला यकृताच्या पट्ट्यांचा आयएचसी रिपोर्ट आला. एमएलएच१ आणि पीएमएस२ ट्यूमर पेशींत नाहीत. शेजारचे लिम्फोसाइट मात्र गडद तपकिरी. साक्षीदार बोलला. दिवस २८ ला रक्ताचा निकाल: बी-रॅफ व्ही६००ई, प्रमाण ११ टक्के, एमएसआय-हाय (एमएमआर दोषाची डीएनएतली खूण). दिवस ३३ ला ऊतकाचे सिक्वेन्सिंग: बी-रॅफ व्ही६००ई २४ टक्के, रास न बदललेले, हर-टू (दुसरे एक वाढीचे जनुक) वाढलेले नाही. पट्ट्यांत ट्यूमर पेशी ५५ टक्के होत्या. एका प्रतीतला बदल २७ टक्क्यांच्या आसपास यायला हवा, आला २४. आकडे एकमेकांशी जुळतात का हे पाहण्याची सवय अशीच लावून घ्यावी.

दुसरा निर्णय: दोन्ही बदल एकाच गाठीत

हे दोन बदल योगायोगाने एकत्र येत नाहीत. बी-रॅफ बदललेल्या गाठींत अनेक जनुकांच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल गट चढून ती जनुके बंद पडतात, आणि त्यांत एमएलएच१ चा नंबर लागतो. एमएलएच१ गेले की त्याचा जोडीदार पीएमएस२ एकटा टिकत नाही. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त होईनाशा होतात, त्या हजारोंनी साचतात आणि त्यातून तयार होणारी विचित्र प्रथिने रोगप्रतिकार यंत्रणेच्या नजरेत भरतात. इम्युनोथेरपीचा, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेला ट्यूमरवर सोडणाऱ्या उपचाराचा, आधार तोच.

यातून एक व्यावहारिक फायदा मिळाला. एमएलएच१ नसताना बी-रॅफ व्ही६००ई सापडला, तर दोष जवळजवळ नेहमीच गाठीपुरता असतो, आनुवंशिक लिंच सिंड्रोम नसतो. घरात तरुण वयात कर्करोग झालेले कोणी नव्हते. त्यामुळे मुलांची तपासणी लागणार नाही हे लगेच सांगता आले. बाईंना त्या आठवड्यात सर्वांत जास्त दिलासा या वाक्याने मिळाला.

आता पहिले औषध कोणत्या बदलावर? बी-रॅफवर नुसते बी-रॅफ रोखणारे औषध आतड्यात चालत नाही. तो रस्ता बंद केला की पेशी ईजीएफआरचा रस्ता उघडतात, म्हणून एन्कोराफेनिब या बी-रॅफ रोखणाऱ्या औषधाबरोबर सेटुक्सिमॅब द्यावे लागते. दुसऱ्या टप्प्यात या जोडीने सुमारे २० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसतात. पहिल्या टप्प्यात फोल्फॉक्स जोडून ब्रेकवॉटर चाचणीत हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले, नेहमीच्या उपचारात ४० टक्के होते. आकडा चांगला आहे, पण हा परिणाम बहुतेकांत कालांतराने ओसरतो. एमएमआर दोष असताना इम्युनोथेरपीचा परिणाम ज्यांना मिळतो त्यांना तो वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून दोन्ही असतील तर आधी इम्युनोथेरपी, बी-रॅफची औषधे राखीव.

एक औषध की दोन? कीनोट-१७७ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या एकाच औषधाने आजार थोपवण्याचा मध्यांक ८.२ वरून १६.५ महिन्यांवर नेला, मात्र सुमारे २९ टक्के रुग्णांत आजार सुरुवातीलाच वाढला. केमोत हे प्रमाण १२ टक्के होते. या बाईंना असा सुरुवातीचा फटका झेपला नसता. चेकमेट-८एचडब्ल्यू चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीवर दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांत आजार वाढलेला नव्हता, केमोवर १४ टक्के. दुष्परिणाम एका औषधापेक्षा जास्त, हे मान्य करून जोडी निवडली: निव्होलुमॅब २४० मिग्रॅ आणि इपिलिमुमॅब १ मिग्रॅ प्रति किलो, दर तीन आठवड्यांनी चार वेळा, पुढे निव्होलुमॅब ४८० मिग्रॅ दर चार आठवड्यांनी.

सुरुवातीआधी टीएसएच, सकाळचे कॉर्टिसोल, साखर, क्रिएटिनिन, ट्रोपोनिन, हेपटायटिस बी आणि सी, एचआयव्ही तपासले. थायरॉइडची गोळी आड येत नाही. पहिला डोस दिवस ३६ ला.

सातव्या आठवड्याचा सीटी

तीन डोस झाले. सीईए ३८ चे ६४ झाले होते, म्हणून सीटी ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी केला. मोठी गाठ ५.४ ची ६.५ सेंमी, मोजलेल्या गाठींची बेरीज २२ टक्क्यांनी वाढलेली. प्रचलित निकषांत २० टक्क्यांच्या वर म्हणजे आजार वाढला. औषध बदलायची चर्चा सुरू झाली.

पण बाई जेवत होत्या. पोटातले पाणी जवळजवळ नाहीसे झाले होते. अल्ब्युमिन ३.३, हिमोग्लोबिन रक्त न देता ९.६. गाठी फुगून दिसतात आणि नंतर आकसतात असे इम्युनोथेरपीत कधीकधी होते, पण आतड्याच्या कर्करोगात ते विरळ. गाठ वाढलेली दिसली तर ती बहुधा खरोखरच वाढलेली असते. तेव्हा ‘थांबून पाहू’ एवढ्यावर भागण्यासारखे नव्हते. पुन्हा रक्त पाठवले. बी-रॅफचे प्रमाण ११ टक्क्यांवरून १.८ वर आले होते.

शिवाय रेडिओलॉजिस्टने एक साधा प्रश्न विचारला: तुलना कशाशी? ५.४ सेंमी हे माप दिवस ३ चे. इम्युनोथेरपी सुरू झाली दिवस ३६ ला, आणि मधल्या तेहेतीस दिवसांत आजार वाढतच होता; एन्झाइम्सनी ते दाखवले होते. म्हणजे ही वाढ औषधाच्या आधीचीही असू शकते. औषध सुरू करताना नवा सीटी झालेला नव्हता, त्यामुळे याचे उत्तर कायमचे हुकले.

निर्णय: उपचार चालू, सहा आठवड्यांनी पुन्हा सीटी. रक्तातले प्रमाण चढले किंवा प्रकृती ढासळली तर त्याआधीच एन्कोराफेनिबच्या जोडीकडे वळायचे, हेही लिहून ठेवले.

जुलाब

नवव्या आठवड्यात, चौथ्या डोसच्या तोंडावर, दिवसाला चार-पाच वेळा पातळ शौच सुरू झाले. जवळच्या डॉक्टरांकडून लोपेरामाइड घेतले गेले आणि चार दिवस त्यातच गेले. पाचव्या दिवशी आठ वेळा, त्यात आव. नेहमीपेक्षा सात किंवा अधिक वेळा जास्त म्हणजे दुष्परिणामाची तिसरी श्रेणी. दाखल करावेच लागते.

शौचाची जंतुतपासणी आणि सी. डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूची तपासणी लगेच पाठवली, पण तिच्या निकालासाठी स्टेरॉइड अडवून ठेवले नाही. मिथाइलप्रेडनिसोलोन १ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून सुरू केले. ४८ तासांत सिग्मॉइडोस्कोपी (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीने तपासणी); अस्तर नुसते लालसर दिसले तरी तुकडे घेतले, कारण डोळ्यांना साधारण वाटणाऱ्या अस्तरातही सूक्ष्मदर्शकाखाली कोलायटिस (इम्युनोथेरपीने आतड्याला येणारी सूज) निघतो. इथे तो निघाला. क्षयाची रक्ततपासणी पहिल्याच दिवशी केली होती, स्टेरॉइडला तीन ते पाच दिवसांत दाद मिळाली नाही तर इन्फ्लिक्सिमॅब (रोगप्रतिकार आणखी दाबणारे औषध) द्यायला उशीर नको म्हणून. ती वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी शौच तीनवर आले. स्टेरॉइड सहा आठवड्यांत उतरवले, त्या काळात फुप्फुसाच्या संसर्गापासून संरक्षणासाठी को-ट्रायमोक्साझोल. इपिलिमुमॅब कायमचे बंद. तीनच डोस झाले होते.

निष्पत्ती

तेराव्या आठवड्याच्या सीटीत मोठी गाठ ३.१ सेंमी, उदरपटलावरचे दाणे दिसेनासे. सतराव्या आठवड्यापासून एकटे निव्होलुमॅब. एक वर्षाने गाठ १.४ सेंमी, सीईए २.१, रक्तात बी-रॅफ नाही. कोलोनोस्कोपीत मूळ जागी फिकट वण. त्याचे आठ तुकडे घेतले, त्यांत श्लेष्मा होता, जिवंत ट्यूमर पेशी नव्हत्या. मूळ गाठीची शस्त्रक्रिया करावी का यावर बोर्डात दोन तट पडले. शेवटी न करण्याचे ठरले. दोन वर्षांनी औषध थांबवले. त्यानंतरच्या दुसऱ्या तपासणीतही यकृतात १.२ सेंमीचा ठिपका तसाच आहे. श्लेष्मल गाठ मेल्यावर श्लेष्माचे डबके मागे राहते आणि सीटीत ते गाठीसारखेच दिसते. त्याला सुई लावलेली नाही; दर तीन महिन्यांनी मोजले जाते.

काय वेगळे करता आले असते

कोलोनोस्कोपीतच चारऐवजी आठ-दहा तुकडे, आणि तेही व्रणाचा तळ सोडून त्याच्या उंचावलेल्या कडेवरून. दोन मिनिटांचे काम. त्याने दुसरी सुई बहुधा टळली असती.

एमएमआरची आयएचसी निदान होताच आपोआप लागली पाहिजे, कोणी मागणी करेपर्यंत थांबायचे नाही. चार प्रथिनांच्या स्लाइड दोन-तीन कामाच्या दिवसांत होतात. इथे दुसऱ्या वेळीही यकृताचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आधी सिक्वेन्सिंगसाठी कापला गेला आणि आयएचसी मागे पडली. ती पुढे घेतली असती तर निकाल दिवस २२ च्या आत हाती येऊ शकला असता, आणि फोल्फॉक्सची सायकल द्यायची की नाही हा निर्णय निराळ्या माहितीवर झाला असता. ती सायकल चूक होती असे मात्र म्हणवत नाही. बिलिरुबिन चढत असताना हातात काही नसणे जास्त महागात पडले असते, आणि एका सायकलने पुढचे काही बिघडले नाही.

ट्यूमर पेशींचे प्रमाण रिपोर्टच्या पहिल्या पानावर, निकालाच्या ओळीतच हवे. ते २० टक्क्यांखाली असेल तर ‘आढळला नाही’ऐवजी ‘नमुना अपुरा’ असे छापावे. संबंधित प्रयोगशाळेने नंतर नमुना-पत्रकात हा बदल केला. पॅथॉलॉजिस्ट त्या दिवशी बोर्डात नसते तर सेटुक्सिमॅब सुरू झाले असते, आणि आठ आठवड्यांनी आजार वाढलेला पाहून दोष गाठीच्या स्वभावाला दिला गेला असता.

इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या आठवड्यात नवा सीटी. आधीचा चार आठवड्यांहून जुना असेल तर तो मोजपट्टी म्हणून वापरू नये.

आणि जुलाबांचे चार दिवस. रुग्णाच्या हातात एक कार्ड होते, पण त्यावर ‘काही त्रास झाल्यास संपर्क करा’ एवढेच छापलेले. आता त्यावर आकडे आहेत: नेहमीपेक्षा चार वेळा जास्त शौच झाले तर त्याच दिवशी फोन, रक्त किंवा आव पडली तर थेट दवाखान्यात, आणि ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना हे कार्ड आधी दाखवा. मागच्या बाजूला औषधांची नावे आणि शेवटच्या डोसची तारीख लिहायची जागा ठेवली आहे, कारण औषध बंद झाल्यावरही असा कोलायटिस काही महिन्यांनी उद्भवू शकतो.